पूर्व भागातील एक भिंत आणि मुलांचा रविवारचा चित्रवर्ग : प्रकल्प नोंदी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खोल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांची घरे एकाच गल्लीत भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तिथल्या एका समाजमंदिरात आम्ही काही स्वयंसेवक दर रविवारी दुपारी मुलांचा चित्रवर्ग चालवतो. पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पंचवीस-तीस मुले येतात. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी चालते आणि खेळताना दोन्ही भाषा असतात. समाजमंदिराची गल्लीकडची कुंपणभिंत चोवीस फूट लांब आणि सहा फूट उंच आहे. ती मुलांकडून रंगवून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले, त्याच्या या नोंदी आहेत. आपल्या गल्लीत असेच काम करू पाहणाऱ्यांना खर्च, वेळ आणि अडचणी यांचा अंदाज यावा म्हणून त्या ठेवल्या.

10 नोव्हेंबर 2024

भिंत समाजमंदिराची असल्यामुळे पंचमंडळींचे लेखी संमतीपत्र पुरले. भिंत महापालिकेची असती, तर झोन कार्यालयात अर्ज करावा लागला असता. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू असल्याने 20 नोव्हेंबरचे मतदान होईपर्यंत भिंतीला हात लावू नका, असे पंचांनी सुचवले आणि ते योग्यच होते. या दिवसांत भिंतीपाशी ब्रश घेऊन उभे राहिले की लोक आधी पक्ष विचारतात. एका कार्यकर्त्याने सगळा रंग देऊ केला, मात्र कोपऱ्यात नाव लिहावे अशी त्याची अपेक्षा होती. आम्ही नम्रपणे नकार दिला, आणि भिंतीवर कोणाचेही नाव येणार नाही हे त्याच दिवशी संमतीपत्रात लिहून घेतले. हे कलम सुरुवातीलाच घालून घ्यावे, कारण काम रंगात आल्यावर नाही म्हणणे फार अवघड जाते.

पालकांच्या संमतीचा कागद मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत केला. त्यात तीन गोष्टी लिहिल्या : मुलाला वर्गाला पाठवण्यास हरकत नाही, मुलाचे छायाचित्र काढले तरी ते बाहेर कुठेही टाकले जाणार नाही, आणि मुले असताना किमान दोन मोठी माणसे हजर राहतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरी जाऊन वाचून दाखवले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर प्रत्येक आई आम्हाला तोंडओळखीने हाक मारू लागली.

17 नोव्हेंबर 2024

भिंतीसाठी चित्रे काढायला सांगितली तेव्हा जवळजवळ प्रत्येक कागदावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि लाल कौलांची झोपडी आली. सोलापूरच्या सपाट माळावर राहणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांनी असा डोंगर पाहिलेला नाही. हे चित्र शाळेतून, कॅलेंडरवरून आणि मोठ्या भावंडांच्या वहीतून येते. ते चुकीचे आहे असे सांगून उपयोग नसतो, कारण त्याच चित्राला त्यांना आजवर शाबासकी मिळालेली असते.

म्हणून विषय देणे सोडले आणि घरातली एक वस्तू घेऊन या, असे सांगितले. एका सात वर्षांच्या मुलाने आईचे सूप आणले. विड्या वळताना बायका ते मांडीवर घेतात आणि त्यातच तंबाखू, कापलेली पाने, दोरा ठेवतात. त्याने ते वरून पाहून काढले. मागचा उभा काठ, पुढे पसरत गेलेले तोंड, वेताची वीण आणि एका कोपऱ्यात पानाचा तुकडा, सगळे आले. वीण काढताना तो प्रत्येक पट्टी बोटाने चाचपून मग कागदावर ओढत होता. चित्र पूर्ण व्हायला त्याला सगळी दुपार लागली, आणि आजूबाजूच्या मुलांनी डोंगराचे कागद उलटे करून मागच्या बाजूला कांडी (मागावरची सूत गुंडाळलेली नळी), कंदील, पाण्याचा ड्रम, शिवणयंत्र काढायला घेतले. भिंतीचा विषय तिथेच ठरला : गल्लीत ज्या वस्तूंनी काम चालते त्या वस्तू.

24 नोव्हेंबर 2024

भिंतीची तपासणी केली. वरचा भाग ठीक आहे, पण खालच्या एक फुटाला लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागलेला आहे. जुना चुना तारेच्या ब्रशने घासला की त्यामागून गिलाव्याची भुकटी गळते. घासण्याचे काम मोठ्यांनी तोंडाला मास्क लावून, मुले नसताना केले. जुन्या भिंतीवर कोणता रंग किती थरांत आहे हे कळत नाही, आणि जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांमधील शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम भारतात 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत मुलांना उभे करू नये.

गवंड्याने दोन ठिकाणचा पोकळ गिलावा फोडून नवा केला. मजुरी आणि सिमेंट-वाळू मिळून 1,400 रुपये झाले. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान तीन-चार आठवडे रंग लावता येत नाही, कारण त्यातला क्षार रंग खाऊन टाकतो. हा काळ आम्ही वेळापत्रकात धरलेला नव्हता. तुम्ही धरा.

1 डिसेंबर 2024

आज वर्गात चारच मुले होती. चौकशी केली तेव्हा कळले की आज नळाला पाणी आले होते. सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येते, आणि त्या वेळी घरातले प्रत्येक माणूस, अगदी सहा वर्षांचे मूलही, घागर, ड्रम, बादल्या भरण्यात गुंतलेले असते. मुलांना वर्गाची गोडी नाही असा निष्कर्ष काढण्याआधी नळाचे वेळापत्रक पाहावे. यापुढे पाण्याचा दिवस रविवारी आला तर वर्ग शनिवारी संध्याकाळी घ्यायचा असे ठरवले, आणि ती खबर देण्याचे काम कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने आपणहून पत्करले.

याच कारणाने रंगकामाच्या पाण्याची वेगळी सोय केली. ज्या घरांत पाणी मोजून वापरतात त्यांच्याकडे ब्रश धुवायला बादली मागणे बरे नव्हे. वीस लिटरचा जार 25 रुपयांना मिळतो. ब्रश धुण्यासाठी तीन बादल्या ओळीने ठेवल्या : पहिलीत घाण पाणी, दुसरीत बऱ्यापैकी, तिसरीत स्वच्छ. ब्रश पहिलीतून तिसरीकडे जातो. पहिलीतले पाणी रात्रभर ठेवले की रंग तळाला बसतो, वरचे नितळ पाणी पुन्हा पहिल्या बादलीत येते, आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकता येतो. गटारात काहीच सोडावे लागत नाही. नव्या गिलाव्यावरही पाईपने पाणी मारता आले नसते, म्हणून त्यावर ओले गोणपाट लटकवले आणि सकाळ-संध्याकाळ ते भिजवण्याचे काम समोरच्या घरातल्या दोन बहिणींनी वाटून घेतले.

8 डिसेंबर 2024

कागदावरची लहान चित्रे चोवीस फुटांच्या भिंतीवर कशी न्यायची, हा खरा प्रश्न होता. प्रोजेक्टर भाड्याने आणून रात्री रेषा उमटवण्याचा विचार होता, पण त्यात रेषा मोठी माणसे ओढतात आणि मुलांना केवळ आत रंग भरणे उरते. ते आम्हाला नको होते.

उत्तर गल्लीतच होते. एका मुलीचे आजोबा पूर्वी चादरींचे डिझाइन करत. संगणक येण्याआधी जेकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागासाठी चित्र आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढावे लागे. एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा (उभा) धागा वर राहणार की बाण्याखाली (आडव्या धाग्याखाली) जाणार याचा निर्णय असे, आणि त्या कागदावरून मागाच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडली जात. त्यांनी ट्रंकेतून जुने आलेख काढून दाखवले. मोर, कमळ आणि कोयरी, सगळे पायऱ्यापायऱ्यांनी बनलेले. त्यांच्या कडेला पेन्सिलीने मोजदाद लिहिलेली होती. मुले जमिनीवर पालथी पडून चौकोन मोजत राहिली. मोराच्या गळ्याचा बाक दूरवरून पाहिला की गोल दिसतो आणि जवळ गेले की जिना होतो, हे कळल्यावर एका मुलाने तो कागद पुढे-मागे करून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली.

मामा (गल्लीत या आजोबांना सगळे मामाच म्हणतात) पुढच्या रविवारी शिकवायला यायला तयार झाले.

15 डिसेंबर 2024

खालचा लोणा लागलेला एक फूट सोडला तर भिंत पाच फूट उंच आणि चोवीस फूट लांब उरते. तीन इंचांचा चौकोन धरला की उंचीत वीस आणि लांबीत शहाण्णव, म्हणजे एकूण 1,920 चौकोन होतात. हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलांनी फळ्यावर केला. आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून तेवढ्याच चौकोनांचा लांब कागद तयार केला आणि समाजमंदिराच्या फरशीवर पसरला.

मामांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा उपयोगी पडल्या. पहिली : "आधी काठ भरून घ्या, मग आत शिरा." काठ ठरला की आतल्या चित्राला किती जागा आहे ते डोळ्यांना दिसते. दुसरी अशी की, प्रत्येक दहाव्या चौकोनाची रेषा जाड करावी, म्हणजे मोजताना चूक झाली तरी ती दहाच्या पुढे जात नाही.

काठ चादरीसारखा चौकोनांचा करायचा आणि मधल्या वस्तू मुलांच्या मूळ रेषेतच ठेवायच्या, असे ठरले. काठाचा एकेक चौकोन पाच वर्षांच्या मुलालाही भरता येतो. त्यामुळे धाकट्या भावंडांचा प्रश्न आपोआप सुटला. या वर्गात मोठ्या मुली बहुधा कडेवर किंवा बोटाला धाकटे भावंड घेऊनच येतात, आणि त्या भावंडाला काम नसेल तर मुलीलाही काम करता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात काय किंवा ठाणे-पालघरच्या पाड्यांवर काय, ही गोष्ट जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली, आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणापर्यंत नेली. मुलांच्या दिवसाचे जे रूप आहे त्याला धरून वर्गाची आखणी करावी लागते, हे त्यांनी करून दाखवले आहे, आणि आमच्यासारख्या छोट्या वर्गाला त्याचा आजही आधार वाटतो.

22 डिसेंबर 2024

गिलावा कोरडा झाला. प्रायमरचा एक हात शनिवारी दिला आणि बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनचे पांढरे दोन हात आज दिले. प्रायमर चार लिटर 720 रुपये, पांढरा रंग चार लिटर 1,050 रुपये. तैलरंग चकाकतो आणि टिकतो म्हणून तोच घ्या, असा आग्रह पुष्कळांनी केला. तैलरंगाला टर्पेंटाइन लागते, त्याचा वास डोक्यात जातो आणि मुलांच्या हातावरचा रंग साबणाने निघत नाही. त्यामुळे मुलांच्या कामात पाण्यात मिसळणारा रंगच घ्यावा.

29 डिसेंबर 2024

चौकोन आखण्यासाठी गवंड्याची रीत वापरली : गेरूत घोळवलेले सूत दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधून खेचून सोडायचे, म्हणजे सरळ रेघ उमटते. मुलांना हे काम अतिशय आवडले. सूत सोडताना होणाऱ्या आवाजाबरोबर सगळे मिळून आकडा म्हणत होते.

पण ही रीत या कामाला चालली नाही. पांढऱ्या इमल्शनवर गेरूची रेघ पक्की बसते, ओल्या फडक्याने पुसली तर ती निघत नाही आणि गुलाबी पसरते. चाचणीसाठी एका चौकोनात पिवळा रंग भरला तर त्याच्या चारही कडा विटकरी झाल्या. संध्याकाळी एक लिटर पांढरा रंग (290 रुपये) आणून संपूर्ण भिंतीला पुन्हा एक हात द्यावा लागला, आणि एक आठवडा गेला. शिंप्याच्या निळ्या खडूवर सूत घासले तर रेघ दिसण्याइतकी उमटते आणि ओल्या फडक्याने निघून जाते. आधी भिंतीच्या कोपऱ्यात एक वीतभर जागेवर पाहून मगच सगळी भिंत आखावी.

5 जानेवारी 2025

खडूने आखणी झाली आणि रंगकाम सुरू झाले. दुकानातले ब्रश महाग पडतात आणि लहान मुलांच्या हातून लवकर विस्कटतात. भिंतीच्या खडबडीत पृष्ठभागावर तर दोन रविवारांत त्यांचे केस झडतात. मागावर वाया गेलेले सूत गल्लीत हवे तितके मिळते. ते बोटभर लांबीचे कापून, झाडूच्या काडीभोवती धरून, वरून दोरा गुंडाळला की कुंचला तयार होतो. हा दोरा घट्ट बसणे हीच मेख आहे. आमच्यापैकी कोणाचाही कुंचला पाण्यात टिकेना. आठवीतल्या एका मुलीने विडीला बांधायचा बारीक दोरा घेतला, अंगठ्याच्या नखाने पहिला वेढा दाबून धरला, बाकीचे वेढे त्यावर चढवले आणि टोक आत खोचून दिले. तिच्या बोटांची हालचाल दिसतसुद्धा नव्हती. तिचे कुंचले शेवटपर्यंत सुटले नाहीत. पुढच्या रविवारपासून कुंचले बांधण्याचा विभाग तिच्याकडे गेला आणि तिने आणखी तिघींना तयार केले.

भिंतीचा वरचा दीड फूट लहान मुलांच्या हाताला येत नाही. शिडी वापरायची नाही असे आम्ही आधीच ठरवले होते. शाळेचे रुंद, बुटके बाक मागून आणले आणि प्रत्येक बाकाशेजारी एक मोठे माणूस उभे केले.

12 जानेवारी 2025

आज सोलापूरचा हुतात्मा दिन. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी दिले गेले. शाळांतून कार्यक्रम होते, मुले तिकडे होती. पुढे लगेच सिद्धरामेश्वरांची यात्रा आणि गड्डा (यात्रेनिमित्त भरणारी जत्रा). या काळात सोलापुरात कोणतेही काम ठेवू नये.

19 जानेवारी 2025

गड्ड्यावरून आलेल्या मुलांना आता नंदीध्वज (यात्रेच्या मिरवणुकीतले मानाचे ध्वज), पाळणे, मृत्यूगोल हे सगळे भिंतीवर हवे होते. विषय ठरलेला असताना ते घ्यावे की नाही यावर आम्हा मोठ्यांतच वाद झाला. शेवटी मुलांनीच तोडगा काढला : सूप आणि कांडी यांच्यामध्ये मोकळी राहिलेली उभी पट्टी नंदीध्वजाला दिली. त्याची काठी उंच असते, त्यामुळे ती जागा जणू त्याच्यासाठीच ठेवल्यासारखी भरली.

26 जानेवारी 2025

प्रजासत्ताकदिनी भिंत पूर्ण करायची असे ठरवले होते. ती निम्मीही झाली नाही. त्यात काठाच्या मरून रंगाने मोठा घोळ केला. पांढऱ्या रंगात स्टेनरची (छटा देणाऱ्या दाट रंगाची) छोटी बाटली मिसळून हलके रंग छान होतात, आणि एक बाटली 65 रुपयांना पडत असल्याने खर्चही आटोक्यात राहतो. परंतु मरूनसारखा गडद रंग पांढऱ्यातून येत नाही. तो यावा म्हणून बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणाच्या बाहेर गेलो. आठवडाभराने हात लावला तरी रंग चिकटत होता. भिंतीला टेकलेल्या एका मुलाचा शाळेचा पांढरा सदरा खराब झाला, तो आम्ही नवा घेऊन दिला. पाण्याचा शिंतोडा पडला की लाल ओघळ खाली येई.

तो सगळा भाग ओल्या स्पंजाने उतरवला. मरून आणि गडद निळा हे दोन रंग दुकानातल्या यंत्रावर तयार करून घेतले, एक लिटरचे दोन डबे 860 रुपयांना. गडद रंग विकतचेच घ्यावेत आणि हलके घरी करावेत, एवढे धोरण पाळले तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

2 फेब्रुवारी 2025

या नोंदींतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आज घडली. मदतीला येणाऱ्या चित्रकलेच्या एका विद्यार्थ्याने शनिवारी संध्याकाळी, मुले नसताना, एका सहा वर्षांच्या मुलीचे शिवणयंत्र नीट करून ठेवले होते. तिने चाक यंत्रापेक्षा मोठे काढले होते आणि सुई चाकाच्या बाजूला होती. त्याने चाक लहान केले आणि सुई जागेवर आणली. हेतू चांगला होता आणि चित्र खरोखर नीटनेटके झाले होते.

मुलगी आली, भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, हे माझं नाही." रडली नाही, रागावली नाही. कुंचला बादलीत ठेवला आणि मागे जाऊन बसली. तिच्या घरी आई यंत्र चालवते आणि ती खाली फरशीवर बसून पाहते. तिथून चाकच मोठे दिसते. तिने जे पाहिले तेच काढले होते.

ते चौकोन पांढरे करून वाळेपर्यंत थांबलो. त्या विद्यार्थ्याने स्वतः तिच्याजवळ बसून, ती कुठे बसून यंत्र पाहते ते विचारले. दुपारी तिने चाक पुन्हा काढले, आणि आधीपेक्षाही मोठे काढले. त्यानंतर नियम केला आणि तो दारावर लावला : मोठ्यांनी घासणे, गिलावा, आखणी, रंग कालवणे, बाक धरणे ही कामे करावीत, मुलांच्या चित्रावर मोठ्यांचा कुंचला चालणार नाही, मुले हजर असताना नाही आणि गेल्यावर तर मुळीच नाही. पाहुणे येणार आहेत, भिंत जरा बरी दिसू दे, हा मोह कामाच्या शेवटच्या टप्प्यात फार जोर करतो. तो आवरला नाही तर भिंत मुलांची राहत नाही.

काही पालकांनी विचारले की यातून शासकीय रेखाकला परीक्षेचा काही फायदा होईल का. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी सातवी-आठवीच्या मुलांचा वेगळा तास घ्यायला आम्ही तयार आहोत, असे स्पष्ट सांगितले. भिंतीच्या कामाला परीक्षेचे आमिष जोडले नाही.

9 फेब्रुवारी 2025

काठाच्या आत एक पानांची वेल फिरवायची होती. एकसारखी पाने काढायची कशी, असे विचारताच तीन-चार मुली एकदम म्हणाल्या, "फर्मा करा!" विडीचे तेंदूपान कापताना त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून भोवतीने कात्री फिरवतात, ते त्या रोज पाहतात. जुन्या एक्स-रेच्या फिल्म दवाखान्यातून फुकट मिळाल्या. मुलींनी आकार आखला आणि मोठ्यांनी ब्लेडने कापला. फर्म्यातून कुंचल्याने रंग भरला तर तो कडेखाली शिरतो. स्पंजाचा तुकडा जवळजवळ कोरडा करून थोपटला की कडा स्वच्छ येते.

फाटकाच्या दोन खांबांवर आयांनी मुग्गू (तेलुगू घरांतली रांगोळी) काढावी अशी मुलींची इच्छा होती. पहाटे दारापुढे डोळे मिटून ठिपके टाकणाऱ्या या बायका कुंचला हातात येताच अडखळल्या, कारण त्यांची रेषा चिमटीतून पडते. मेंदीच्या रिकाम्या कोनात पाणी न घालता पांढरे इमल्शन भरून दिले. कोनातून रेषा त्यांच्या सवयीच्या वेगाने धावू लागली आणि तासाभरात दोन्ही खांब झाले. रंग पातळ केला तर उभ्या खांबावरून ओघळतो, म्हणून पाणी अजिबात घालू नये.

23 फेब्रुवारी 2025

भिंत पूर्ण झाली. खालच्या लोणा लागलेल्या एक फुटावर चित्र न काढता गेरूत थोडा फेविकॉल घालून साधा पट्टा दिला. तो वर्षभरात झडेल आणि दर दिवाळीआधी पुन्हा द्यावा लागेल, पण त्याचा खर्च नाममात्र आहे आणि वरचे चित्र त्याच्यासोबत खराब होत नाही. दहावीच्या परीक्षा सुरू झाल्याने मोठी मुले आली नाहीत. त्यांच्यासाठी थांबून उद्घाटन करावे की नाही हा प्रश्नच आला नाही, कारण उद्घाटन ठेवलेलेच नाही.

एकूण खर्च 6,930 रुपये. गिलावा 1,400, प्रायमर व पांढरा रंग 2,060, स्टेनर 520, गडद रंग 860, ब्रश आणि स्पंज 900, तारेचे ब्रश, पॉलिशपेपर व मास्क 350, गेरू आणि फेविकॉल 240, पाण्याचे जार 400, आलेखाचे कागद व खडू 200. सदऱ्याचे पैसे यात धरलेले नाहीत. गेरूची आखणी आणि मरूनचा घोळ टळला असता तर सुमारे पाचशे रुपये आणि जवळजवळ तीन आठवडे वाचले असते.

20 मार्च 2025

काल रंगपंचमी झाली. गल्लीत खेळ झाला आणि भिंतीवरही रंग उडाला. सकाळी मुले फडकी घेऊन आपणहून जमली होती. साध्या पाण्याने गुलाल आणि हिरवा रंग निघाला. चांदीसारखी चमकणारी वॉर्निश लागून उमटलेले हातांचे दोन पंजे मात्र निघाले नाहीत. ते कांडीच्या चित्रावर आहेत. त्यावर पुन्हा रंगवायचे की तसेच ठेवायचे, हे ज्या मुलाची कांडी आहे त्याला विचारले. त्याने ठेवा असे सांगितले.

दुकानातल्या यंत्रावर केलेले मरून आणि निळे जराही उतरले नाहीत. घरी स्टेनरने केलेल्या पिवळ्याचा एक चौकोन फडक्यावर आला, तो पुढच्या रविवारी पुन्हा भरायचा आहे. मागच्या गल्लीतल्या मुलांनी त्यांच्या अंगणवाडीच्या भिंतीसाठी विचारणा केली आहे. ती भिंत महापालिकेची आहे, म्हणून परवानगीचा अर्ज याच आठवड्यात द्यायचा आणि गिलाव्याची तपासणी उन्हाळ्यात, भिंत पूर्ण कोरडी असताना, उरकून घ्यायची आहे. चौकोनांचे सूत, फर्मे आणि बांधलेले कुंचले समाजमंदिराच्या कपाटात ठेवले आहेत. कपाटाची किल्ली किराणा दुकानदाराकडे मिळेल.